अश्वाचे कूळ आणि मनुष्याचा कुलाभिमान

कुलाविषयी आपल्या भाषेत ज्या म्हणी रूढ आहेत त्या एकत्र मांडून पाहिल्या, तर त्यांचा आपापसांत मेळ बसत नाही असे दिसून येईल. ‘खाण तशी माती’ असे आपण म्हणतो, आणि ‘हिऱ्याच्या पोटी गारगोटी’ असेही त्याच तोंडाने म्हणतो. आणि या दोहोंचा निकाल लावण्याचा प्रसंग आला म्हणजे ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ असे सांगून मोकळे होतो. म्हणी परस्परविरुद्ध असतात यात नवल नाही, कारण त्या त्या प्रसंगापुरत्या जन्मलेल्या असतात. परंतु ज्या प्रश्नावर लोकांचे शहाणपण असे तिन्ही बाजूंनी बोलते, तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही एवढे अनुमान त्यावरून काढण्यास हरकत नसावी. विवाह जुळविताना ‘घराणे कसे आहे?’ हा प्रश्न आजही पुष्कळ घरी प्रथम विचारला जातो, आणि तो विचारणारांत सुशिक्षितांचा भरणा काही कमी नसतो.

वस्तुतः येथे प्रश्न दोन आहेत. पूर्वजांचे गुण वंशजांत किती उतरतात हा पहिला. आणि पूर्वजांनी मिळविलेला मान वंशजांस मिळावा काय हा दुसरा. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा आहे, दुसरा न्यायाचा आहे. कुलाभिमानी मनुष्य पहिल्याचे अर्धवट उत्तर देऊन दुसऱ्याचा निकाल आपल्या बाजूने लावून घेतो, आणि समानतेचा कैवारी पुष्कळदा दुसऱ्याच्या भीतीने पहिल्याकडे पाहतच नाही. या दोहोंची फारकत करून विचार करावा असा आमचा येथे उद्देश आहे.

माणसांच्या बाबतीत हा विचार करणे अवघड जाते. वकिलाचा मुलगा वकील झाला तर त्यात रक्ताचा वाटा किती, बापाच्या ग्रंथसंग्रहाचा किती आणि बापाच्या अशिलांचा किती, हे कोण सांगणार? म्हणून ज्यांच्या वंशावळी बारकाईने लिहिल्या गेल्या आहेत आणि ज्यांचे कर्तृत्व एकाच मापाने मोजले गेले आहे, असे एखादे कूळ तपासावे हे बरे. असे कूळ शर्यतीच्या घोड्यांचे आहे. इंग्रजीत ज्यांस थरोब्रेड म्हणतात त्या जातिवंत घोड्यांची वंशावळ इंग्लंडात वेदरबी नावाच्या गृहस्थाने १७९१ साली छापावयास घेतली, तिचा पहिला खंड १७९३ साली निघाला, आणि तेव्हापासून ती अखंड चालू आहे. शर्यतीच्या जुगाराशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. तो घरे बुडवितो हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस कर्तव्य आहे ते त्या वंशावळीशी, आणि तीतील ‘इक्लिप्स’ नावाच्या एका घोड्याशी.

हा घोडा १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यास ग्रहण लागले असता जन्मला, म्हणून त्याचे नाव ‘ग्रहण’ असे ठेवण्यात आले. आपल्याकडे घोड्याच्या अंगावरील भोवरे पाहून शुभाशुभ ठरविणाऱ्या जाणत्यांनी ग्रहणात जन्मलेल्या शिंगराविषयी काय भाकीत केले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याचा पहिला धनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा चुलता ड्यूक ऑफ कंबरलंड हा होता. ड्यूक पुढल्याच वर्षी, १७६५ साली, वारला आणि त्याच्या पागेचा लिलाव झाला. विल्यम वाइल्डमन नावाच्या गुरांमेंढरांच्या एका व्यापाऱ्याने हे शिंगरू सुमारे ७५ गिनींस विकत घेतले. कुलाच्या दृष्टीने पाहता इक्लिप्सचा पणजा डार्ली अरेबियन या घोड्याचा पुत्र होता. हा अरबी घोडा टॉमस डार्ली या इंग्रज व्यापाऱ्याने १७०४ साली सीरियातील अलेप्पो येथून स्वदेशी पाठविला होता. म्हणजे घराणे हलके नव्हते. परंतु त्या काळी असे घराणे सांगणारे घोडे इंग्लंडात पुष्कळ होते, आणि बाजारात या शिंगराची किंमत ७५ गिनींच्या वर गेली नाही.

इक्लिप्स स्वभावाने अत्यंत खट्याळ होता. त्यास खच्ची करावे असाही विचार झाला होता, आणि अखेर एका धाडसी चाबुकस्वाराच्या हवाली करून, रात्रंदिवस त्याच्याकडून रपेट घेवून त्यास कह्यात आणले, असे सांगतात. पाच वर्षांचा होईपर्यंत तो शर्यतीच्या मैदानात उतरला नाही. ३ मे १७६९ रोजी एप्सम येथे तो प्रथम धावला. त्या काळच्या शर्यती चार चार मैलांच्या असत आणि एकाच दिवशी त्यांच्या दोनतीन फेऱ्या होत. जो घोडा विजयी घोड्याच्या मागे २४० यार्डांहून अधिक राही, त्याची गणनाच होत नसे. पहिली फेरी इक्लिप्सने सहज जिंकल्यावर डेनिस ओ’केली नावाच्या एका आयरिश गृहस्थाने पैज मारली की, दुसऱ्या फेरीतील सर्व घोड्यांचा क्रम आपण आधीच सांगतो. तो क्रम असा होता की, इक्लिप्स पहिला आणि बाकीचे कोठेच नाहीत. पैज ओ’केलीने जिंकली. पुढे त्याने दोन हप्त्यांत मिळून १,७५० गिनी देऊन तो घोडाच विकत घेतला. इक्लिप्स एकंदर अठरा शर्यती धावला आणि अठराही त्याने जिंकल्या. त्यांत राजाच्या नावाने लावलेली अकरा बक्षिसे होती. कित्येक शर्यतींत तर प्रतिस्पर्धीच उभा राहिला नाही, आणि त्यास एकट्यासच मैदानातून फेरी मारून परत यावे लागले. त्याच्याविरुद्ध पैज लावण्यास कोणी मिळेना, तेव्हा १७७१ साली त्याचे धावणे थांबविण्यात येऊन त्यास पैदाशीसाठी ठेवण्यात आले.

येथवर ही एका बलवान प्राण्याची कथा झाली. आमच्या प्रश्नाचा संबंध येथून पुढे येतो. इक्लिप्सच्या संततीतील घोड्यांपैकी ३४४ विजयी ठरले अशी परंपरागत गणना आहे. डर्बीची शर्यत १७८० साली सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या पाच वर्षांत तीन वेळा, म्हणजे १७८१, १७८३ आणि १७८४ या साली, इक्लिप्सचा पुत्र जिंकला. या घोड्याने आपणांस पंचवीस हजार पौंडांहून अधिक मिळवून दिले असे ओ’केली सांगत असे. तथापि ज्याच्या संततीने वर्षभरात सर्वांत अधिक बक्षिसे मिळविली तो पहिला, या हिशेबाने पाहिले तर इक्लिप्स एकाही वर्षी पहिला आला नाही. प्रथम हेरॉड आणि मागून त्याचा पुत्र हायफ्लायर हे त्याच्या पुढे राहिले. समकालीन मनुष्यास कोणी विचारले असते की पुढील शतकांवर कोणाचे राज्य चालणार, तर त्याने बहुधा हेरॉडचे नाव घेतले असते.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. आज जगात जेवढे जातिवंत शर्यती घोडे आहेत, त्यांपैकी सुमारे ९५ टक्के घोड्यांची पित्याकडून पित्याकडे जाणारी परंपरा इक्लिप्सला जाऊन मिळते. पुण्यास किंवा मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर धावणारे घोडेही याच जातीचे. परंतु ही परंपरा ज्या पुत्रांच्या द्वारे टिकली ते डर्बी जिंकणारे तीन पुत्र नव्हेत. ती मुख्यतः किंग फर्गस आणि पॉटएटोज या दोघांच्या द्वारे टिकली, आणि हे दोघे डर्बी सुरू होण्यापूर्वीच तिच्या वयाबाहेर गेलेले होते. यांपैकी दुसऱ्याचे नाव मुळात ‘बटाटे’ असे ठेवावयाचे होते. पण तबेल्यातील पोराने ते कणगीच्या झाकणावर लिहिताना ‘पॉट’ या अक्षरांपुढे आठ शून्ये काढली, आणि धन्यास ती गंमत इतकी आवडली की तेच नाव वंशावळीत कायम झाले, अशी आख्यायिका आहे. सांगावयाचे तात्पर्य हे की, आपल्या पुत्रांपैकी कोण आपले नाव पुढे नेणार हे त्या पुत्रांची कीर्ती पाहूनही सांगता येत नाही.

आता इक्लिप्सच्या पित्याची हकीकत पाहू. त्याचे नाव मार्स्क. ड्यूकच्या मृत्यूनंतर तो क्षुल्लक किमतीस एका शेतकऱ्याच्या पदरी गेला, आणि न्यू फॉरेस्ट या रानटी मुलखात अर्ध्या गिनीच्या मोबदल्यात गावठी घोड्यांच्या उपयोगी पडत राहिला. पुढे इक्लिप्सचे तेज दिसू लागताच वाइल्डमनने त्यास वीस गिनींस विकत घेतले आणि अर्ल ऑफ ॲबिंग्डन यास एक हजार गिनींस विकले. त्याची अर्ध्या गिनीची बिदागी शंभर गिनींपर्यंत चढली. मार्स्क तोच होता. त्याच्या रक्तात एका थेंबाचीही भर पडली नव्हती. भर पडली ती लोकांच्या ज्ञानात. पुत्र धावला म्हणून पिता थोर ठरला, आणि पिता थोर ठरताच लोक म्हणू लागले की पिता थोर होता म्हणूनच पुत्र धावला! आमच्या समजुतीने कुलाभिमानाच्या तर्कशास्त्रातील मुख्य हातचलाखी हीच आहे. कुलाची किंमत कर्तृत्वावरून ठरते, आणि ती एकदा ठरली म्हणजे तीच कर्तृत्वाचे कारण म्हणून पुढे करण्यात येते.

ही वंशावळ आणखीही एक गोष्ट शिकविते. इक्लिप्सची माता स्पिलेटा हिचे नाव किती जणांस ठाऊक असते? ती एकदाच धावली आणि हरली. वंशाचे नाव पित्याकडून चालवावयाचे हा माणसांचा रिवाज, तो त्यांनी घोड्यांसही लागू केला. परंतु निसर्ग हा रिवाज पाळीत नाही. शिंगरास निम्मे आनुवंशिक द्रव्य पित्याकडून मिळते तसे निम्मे मातेकडूनही मिळते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या घोड्यांच्या वंशावळी आणि रक्ताचे नमुने एकत्र तपासण्यात आले. त्यांत असे आढळले की, पितृपरंपरेत ९५ टक्क्यांचा धनी असलेल्या डार्ली अरेबियनचा आजच्या घोड्यांच्या एकंदर आनुवंशिक द्रव्यातील वाटा अवघा सहासात टक्क्यांचा आहे; आणि ज्याचे नाव पितृपरंपरेत जवळजवळ नामशेष झाले आहे त्या गोडॉल्फिन अरेबियनचा वाटा त्याच्या सुमारे दुप्पट आहे. हा वाटा आला कोठून? बहुतांशी घोड्यांच्या लेकींच्या आणि नातींच्या द्वारे. म्हणजे ‘आमचे घराणे अमुकाचे’ असे जेव्हा कोणी अभिमानाने सांगतो, तेव्हा तो आपल्या पूर्वजांपैकी एकाच ओळीची गणना करतो आणि इतर सर्वांस विसरतो. दहा पिढ्यांमागे प्रत्येकास एक हजाराहून अधिक पूर्वजांची स्थाने असतात. त्यांतून एक वीरपुरुष निवडून काढणे हे स्मरण नव्हे, निवड आहे. ज्यांस निवडले नाही त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यावरून गुण वंशात उतरतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इक्लिप्स तांबड्या-पिंगट रंगाचा होता आणि त्याचे आईबाप त्या रंगाचे नव्हते. ज्या गुणाचे चिन्ह आईबापांत दिसत नाही तो त्यांच्या ठिकाणी लपून राहू शकतो आणि दोहोंकडून एकत्र येताच अपत्यात प्रकट होतो, हा मेंडेलचा नियम घोड्यांच्या रंगाच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या आरंभी याच वंशावळीवरून सिद्ध करण्यात आला. वेगाच्या बाबतीतही अनुकूल उदाहरणे आहेत. १९४५ साली डर्बी जिंकणाऱ्या दांते या घोड्याचा सख्खा भाऊ त्याच वर्षी बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी २८,००० गिनींस विकत घेतला, त्यास आपल्या आजोबांचे ‘सयाजीराव’ हे नाव दिले, आणि त्याने १९४७ साली सेंट लेजरची शर्यत जिंकून भावाचे नाव राखले. परंतु याच्या उलट, इक्लिप्सच्याच पितृपरंपरेतील स्नाफी डान्सर नावाचे एक शिंगरू १९८३ साली अमेरिकेत एक कोटी दोन लाख डॉलरांस विकले गेले. ते कधी शर्यतीत उतरलेच नाही, आणि त्यास संततीही चारच झाली. त्याच परंपरेतील दुसरा एक घोडा २००६ साली एक कोटी साठ लाख डॉलरांस गेला आणि एकही शर्यत न जिंकता निवृत्त झाला. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कुळावरून संभव वर्तविता येतो, व्यक्ती वर्तविता येत नाही. शंभर शिंगरांविषयी जे बोलता येते ते एकाविषयी बोलता येत नाही. आणि न्याय तर नेहमी एकेका व्यक्तीचा करावयाचा असतो.

कुलाचा निवाडा व्यक्तीवर लादला म्हणजे काय होते, हेही या घोड्यांच्या इतिहासातच पाहावयास मिळते. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील पुष्कळ वंशावळी नष्ट झाल्या होत्या. पुढे अमेरिकेत जुगाराविरुद्ध कायदे होऊन तेथील घोडे इंग्लंडात येऊ लागले, तेव्हा १९१३ साली इंग्रजांनी नियम केला की, ज्याची प्रत्येक शाखा वंशावळीच्या पूर्वीच्या खंडांत सापडते तोच घोडा जातिवंत, बाकीचे ‘अर्धजात’. दुसऱ्याच वर्षी दरबार नावाच्या अशाच एका ‘अर्धजात’ घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली! तो पितृपरंपरेने इक्लिप्सचाच वंशज होता. दोष काय तो त्याच्या आईच्या अमेरिकन रक्ताचा. नियम तरीही छत्तीस वर्षे टिकला. १९४८ साली त्याच दरबारच्या वंशातील माय बाबू याने टू थाउजंड गिनीजची शर्यत जिंकली. हाही घोडा बडोद्याच्या महाराजांचाच. त्याच वर्षी सेंट लेजर जिंकणारा ब्लॅक टार्क्विनही ‘अर्धजात’च होता. अखेर १९४९ साली नियम बदलण्यात आला. नव्या नियमात एक मौजेची तरतूद होती. पुराव्यांबरोबरच घोड्याच्या जवळच्या नातलगांनी मैदानावर गाजविलेल्या कर्तृत्वावरूनही त्याच्या रक्ताच्या शुद्धतेविषयी खात्री करून घ्यावी, असे तीत ठरले. म्हणजे शुद्धतेवरून कर्तृत्व ओळखावयाचे म्हणून निघालेले लोक, छत्तीस वर्षांनी, कर्तृत्वावरून शुद्धता ओळखू लागले. जातिशुद्धीचा विषय निघाला म्हणजे आपल्या समाजाने ही कथा आठवावी असे आम्हांस वाटते. आपल्याकडे असे ‘अर्धजात’ ठरविलेले लोक घोड्यांहून अधिक होते, आणि त्यांस मैदानात उतरूच दिले जात नसे.

येथे कोणी विचारील की, घोड्यांची जात जर निवडक पैदाशीने सुधारता येते, तर मनुष्याची का सुधारू नये? हा प्रश्न नवा नाही. फ्रान्सिस गाल्टनने १८६९ साली प्रतिभेच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला आणि १८८३ साली सुप्रजननशास्त्राचे इंग्रजी नामकरण केले. त्यानंतर अर्धशतक पुष्कळ सज्जनांस या कल्पनेने भुरळ घातली. तिचे फळ कोणते? अमेरिकेत सक्तीच्या निर्बीजीकरणास १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, आणि जर्मनीत १९३३ च्या कायद्याने लाखो स्त्रीपुरुष त्यास बळी पडले. हे केवळ क्रूर लोकांच्या हाती पडल्यामुळे झाले असे म्हणून सुटका होणार नाही. दोष उपमेतच आहे. घोड्यास धनी असतो, आणि धन्याचा हेतू एकच असतो, तो वेगाचा. जे शिंगरू त्या हेतूस उतरत नाही त्याचे पुढे काय होते हे विजयाच्या यादीत लिहिलेले नसते. मनुष्यजातीचा धनी कोण? आणि आपणांस कोणत्या एका शर्यतीत धावावयाचे आहे? ज्या समाजात कवी, सुतार, सुईण आणि न्यायाधीश या सर्वांचे काम आहे त्यास एकच माप लावणे म्हणजे त्याची पागा करणे होय. शिवाय पागेसही या एकमार्गीपणाची किंमत द्यावी लागते: थोड्याच नामांकित घोड्यांकडे सर्व घोड्या जात असल्यामुळे गेल्या काही दशकांत या जातीत जवळच्या रक्ताचे संबंध वाढत चालले आहेत, असे अलीकडच्या संशोधनांत दिसून आले आहे.

आता राहिला दुसरा प्रश्न, न्यायाचा. पूर्वजांचा मान वंशजांस मिळावा काय? इक्लिप्स अद्याप जिवंत असताना, १७८४ साली, बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या मुलीस लिहिलेल्या एका पत्रात चिनी लोकांच्या चालीची प्रशंसा केली आहे. तेथे कोणी मोठेपणा मिळविला तर मान त्याच्या आईबापांस मिळतो, मुलांस नाही. कारण त्याच्या घडणीत काही वाटा असला तर तो आईबापांचाच असणार. मान चढत जावा, उतरत येऊ नये, असे त्याचे म्हणणे. आम्हांस हा विचार परका वाटत नाही. भगीरथाच्या कथेचे मर्म हेच नव्हे काय? सगराच्या साठ हजार पुत्रांनी भगीरथाचा उद्धार केला नाही. भगीरथाने तप करून त्यांचा उद्धार केला. आपल्या परंपरेत मनुष्य जन्मास येतो तो पितृऋण घेऊन येतो असे सांगितले आहे; पितरांकडून येणे असलेली रक्कम घेऊन येतो असे कोठेही सांगितलेले नाही. कुलाभिमानी मनुष्य नेमकी ही वही उलटी वाचतो आणि देण्याच्या बाजूचा आकडा येण्याच्या बाजूस मांडतो.

डेनिस ओ’केलीची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. तो हलक्या स्थितीतून वर आलेला, कर्जापायी तुरुंगवास भोगलेला, जुगारी मनुष्य होता. सद्गुणी म्हणून त्याची शिफारस आम्ही करीत नाही. परंतु आपला घोडा सर्वांत श्रेष्ठ असूनही इंग्लंडच्या जॉकी क्लबचे सभासदत्व त्यास अखेरपर्यंत मिळाले नाही. त्या क्लबांतील उमराव आपल्या घोड्या मात्र त्याच्या इक्लिप्सकडे पाठवीत. मेंढरांच्या व्यापाऱ्याने ७५ गिनींस घेतलेल्या घोड्याचे रक्त त्यांस हवे होते, ते ज्याच्या दारी मिळत होते तो शेजारी बसावयास नको होता. हा प्रकार केवळ इंग्लंडातच घडतो असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही.

ओ’केली १७८७ साली वारला आणि इक्लिप्स २७ फेब्रुवारी १७८९ रोजी पोटशुळाने मेला. सेंबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे शव चिरून प्रत्येक हाड मोजले. हृदय १४ पौंडांचे भरले. बाकीची मापे अशी निघाली की सुंदर घोड्याच्या तत्कालीन नियमांत ती बसेनात. वेगाचे बीज कोणत्या हाडात होते ते त्या मोजणीतून कोणास सापडले नाही. मात्र या कामाने सेंबेलचा लौकिक झाला, १७९१ साली लंडनमध्ये पहिले पशुवैद्यकाचे विद्यालय निघाले तेव्हा तो त्याचा पहिला अध्यापक झाला, आणि इक्लिप्सचा सांगाडा आज त्याच विद्यालयाच्या संग्रहात आहे. त्या विद्यालयात शिकलेल्यांनी पुढे ज्या गुराढोरांवर, घोड्यांवर उपचार केले, त्यांपैकी बहुतेकांस कसलीच वंशावळ नव्हती. इक्लिप्सच्या वारशांत कोट्यवधी डॉलरांच्या शिंगरांची गणना सर्वजण करतात. आमच्या मते त्या वारशांत या निनावी जनावरांचीही गणना व्हावी, कारण तो वारसा रक्ताने आलेला नसून कोणीतरी जाणून, शिकून आणि शिकवून पुढे नेलेला आहे, आणि त्यास मनुष्य खरोखर आपला म्हणू शकतो.